चोवीस वेळा जमले, म्हणून?

तुमच्या सायकलला दोन ब्रेक असतात, एक पुढच्या चाकाला आणि एक मागच्या. एकाने दगा दिला तर दुसरा उपयोगी पडावा, हा त्यातला हेतू. समजा, ऐन वेळी एखादा ब्रेक न लागण्याची शक्यता शंभरात एक आहे. मग दोन्ही ब्रेक एकदम न लागण्याची शक्यता किती? १/१०० गुणिले १/१००, म्हणजे दहा हजारांत एक. परीक्षेत एवढे लिहिले तर पूर्ण गुण मिळतील.

आता हेच उदाहरण आषाढातल्या पावसात सोडवा. दोन्ही चाकांच्या रिमा एकाच पावसाने भिजतात आणि दोन्हीकडची रबरे एकाच कारणाने घसरतात. पुढचा ब्रेक लागेना अशी वेळ आली, की मागचाही न लागण्याची शक्यता शंभरात एक राहत नाही. ती कितीतरी वाढते. गुणाकाराचा नियम खोटा नाही. पण तो एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घटनांनाच लागू पडतो. ही अट आपण पाठ करतो आणि उदाहरण सोडवताना सोयीस्करपणे विसरतो.

कारखाना असो, रुग्णालय असो की धरण, जिथे पुष्कळ माणसे मिळून एखादे अवघड काम करतात, तिथे दोन प्रश्न रोज विचारावे लागतात. हाती आलेली वस्तू आपण ठरवले होते तशीच आहे का? आणि ती तशी नसेल तर काय बिघडू शकेल? पहिला प्रश्न गुणवत्तेचा, दुसरा धोक्याचा. हे प्रश्न कसे विचारावेत, आणि कसे विचारू नयेत, हे समजण्यासाठी अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ अवकाशयानाइतके बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

२८ जानेवारी १९८६ रोजी फ्लोरिडातून उडालेले हे यान ७३ सेकंदांत आकाशातच नष्ट झाले. आतले सातही जण मृत्यू पावले. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ या शाळेतल्या शिक्षिका होत्या. त्या अवकाशातून मुलांना धडा शिकवणार होत्या, म्हणून अमेरिकेतल्या अनेक शाळांमधून मुले हे उड्डाण दूरदर्शन संचावर पाहत होती.

यानाच्या दोन बाजूंना घन इंधनाची दोन उंच अग्निबाणे असत. त्यांचे नळकांड्यासारखे भाग युटा राज्यातल्या मॉर्टन थायोकॉल या कंपनीतून रेल्वेने येत आणि उड्डाणाच्या जागी एकमेकांना जोडले जात. सांध्यातून तप्त वायू बाहेर पडू नये म्हणून प्रत्येक सांध्यात रबराची दोन कडी बसवलेली असत. प्रेशर कुकरच्या झाकणातली रिंग डोळ्यांपुढे आणा, काम तेच. फक्त हे कडे सुमारे ३.७ मीटर व्यासाचे आणि जाडीला जेमतेम ७ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या करंगळीहूनही बारीक.

अग्निबाण पेटला की आतल्या दाबाने नळकांडे किंचित फुगते आणि सांध्यातली फट रुंदावते. हे सारे सेकंदाच्या काही दशांशांत घडते. तेवढ्यात दाबून बसलेले रबर उसळून फट भरून काढते, तरच वायू अडतो. म्हणजे इथे रबराच्या ताकदीपेक्षा त्याच्या चपळाईला महत्त्व आहे. कंपनीच्या अभियंत्यांनी प्रयोगशाळेत हे मोजून पाहिले होते. ३८ अंश सेल्सिअसला रबर फटीबरोबर सरकत राहिले. २४ अंशांना ते २.४ सेकंद मागे पडले. १० अंशांना दहा मिनिटे वाट पाहिली तरी ते पूर्ववत टेकले नाही, आणि प्रयोग थांबवावा लागला! १० अंश म्हणजे काही ध्रुवप्रदेशातली थंडी नव्हे. पुण्या-नाशिकला जानेवारीत पहाटे एवढे तापमान पुष्कळदा असते.

पण दोन कडी होती ना? होती. मात्र थंडी दोन्ही कड्यांना एकदमच लागते. पावसातल्या ब्रेकसारखेच हे.

कडी पोळत आहेत ही गोष्ट गुपितही नव्हती. उड्डाणानंतर समुद्रातून परत आणलेल्या अग्निबाणांच्या सांध्यांत कधी काजळी, कधी झिजलेले कडे सापडे. मूळ आराखड्याप्रमाणे कडे अजिबात झिजायला नको होते. तरीही यान सुखरूप परतले, की ‘एवढी झीज चालते’ असा अर्थ लावला जाई. घरातल्या एखाद्या बटणातून ठिणगी उडते; पहिल्या दिवशी आपण दचकतो, महिन्याभराने तिकडे लक्षही देत नाही. बटण सुधारलेले नसते, आपण सरावलेले असतो. १९८५ च्या जुलैत रॉजर बॉइजोली या अभियंत्याने वरिष्ठांना लेखी इशारा दिला की याकडे दुर्लक्ष केल्यास प्राणहानी होईल. त्याच महिन्यात या सांध्याच्या दोषामुळे उड्डाणांवर कागदोपत्री अटकाव लावला गेला आणि मग प्रत्येक उड्डाणापुरता तो उठवलाही गेला. कागद अगदी व्यवस्थित होते, हे विशेष.

२७ जानेवारीच्या रात्री दूरध्वनीवर बैठक झाली. उद्या कडाक्याची थंडी पडणार होती. १२ अंशांखाली उड्डाण करू नये, असे कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले, कारण त्याहून थंडीत कधी उड्डाण झालेच नव्हते. नासाच्या अधिकाऱ्यांना ते पटले नाही. एरवी ‘सुरक्षित आहे हे सिद्ध करा’ असा आग्रह असे. त्या रात्री ‘असुरक्षित आहे हे सिद्ध करा’ अशी उलटी मागणी झाली. शेवटी कंपनीच्या वरिष्ठांनी आपल्याच अभियंत्यांचा सल्ला बाजूला ठेवून होकार कळवला. आता अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घाला, असे त्यांच्यातल्या एकाला सांगितले गेल्याचे पुढे चौकशीत निघाले.

त्या रात्री आकडे समोर होते, पण अर्धेच. दोष दिसलेल्या उड्डाणांवर चर्चा झाली. एकदा १२ अंशांना दोष आला होता, तसाच एकदा २४ अंशांनाही. मग थंडीचा संबंध काय, असा युक्तिवाद झाला. दोष न दिसलेली उड्डाणे कोणी जमेस धरलीच नाहीत. ती धरली तर काय दिसते पाहा. १८ अंशांहून कमी तापमानातली चारही उड्डाणे सदोष, आणि त्याहून उबदार हवेतल्या वीसांपैकी फक्त तीन सदोष. आलेख काढायला पाच मिनिटे पुरली असती. तुमच्या प्रयोगवहीत ‘काही घडले नाही’ ही नोंदसुद्धा का लिहायची, असे कोणी विचारले तर हे उदाहरण सांगा.

सकाळी उड्डाणाच्या वेळी तापमान होते सुमारे २ अंश.

चौकशी आयोगात रिचर्ड फाइनमन हे नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी भर बैठकीत या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून सोडला. तो लगेच उसळला नाही. एवढ्या साध्या प्रयोगाने जे पटले, ते तक्ते आणि अहवालांनी पटले नव्हते. (घरचे रबरबँड घेऊन हे करायला जाल तर फसाल, ते रबर वेगळ्या जातीचे असते आणि बर्फाच्या पाण्यातही बऱ्यापैकी उसळते.)

मला त्यांच्या प्रयोगापेक्षा त्यांनी विचारलेला प्रश्न मोलाचा वाटतो. यान नष्ट होण्याची शक्यता किती, असे त्यांनी अनेकांना विचारले. प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरात एकच्या आसपास सांगत. व्यवस्थापक लाखात एक. लाखात एक म्हणजे रोज एक यान सोडले तरी पावणेतीनशे वर्षांत एखादाच अपघात!

चॅलेंजरपूर्वीची चोवीसच्या चोवीस उड्डाणे यशस्वी झाली होती, हा व्यवस्थापकांचा मोठा आधार. तो किती भक्कम आहे, हे तुम्हीच गणकयंत्रावर तपासा. धोका शंभरात एक असेल तर एक उड्डाण यशस्वी होण्याची शक्यता ०.९९. हा आकडा चोवीस वेळा स्वतःशी गुणा; उत्तर सुमारे ०.७९ येते. धोका पंचविसात एक इतका भयंकर धरला, तरी ०.९६ चा चोविसावा घात सुमारे ०.३८ भरतो. म्हणजे यान खरोखर इतके धोकादायक असते, तरीही ओळीने चोवीस यशे मिळणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. चोवीस यशांवरून लाखातला एक ओळखता येत नाही.

कड्यांचा सांधा पुढे बदलला गेला. मात्र १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान परतताना नष्ट झाले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. त्या वेळी कारण होते इंधनटाकीवरून निखळून पंखावर आदळलेला फोमचा तुकडा. असे तुकडे पूर्वीच्या अनेक उड्डाणांतही पडले होते, आणि याने सुखरूप परतली होती.

२०११ मध्ये ही याने निवृत्त झाली तेव्हा एकूण १३५ उड्डाणे झाली होती. अभियंत्यांच्या अंदाजाने त्यांत अपघात किती व्हायला हवे होते? १३५ गुणिले १/१००, म्हणजे १.३५. व्यवस्थापकांच्या अंदाजाने ०.००१३५. प्रत्यक्षात झाले दोन.