ध्वनिमार्ग-संतुलन, संगणकीय खेळांतील
संगणकीय खेळातील पार्श्वसंगीत, परिणामध्वनी व खेळाडूंचे संभाषण हे घटक स्वतंत्र मार्गांनी येतात. ते परस्परांस झाकणार नाहीत अशा रीतीने त्यांच्या पातळ्या जुळविण्याच्या क्रियेस ध्वनिमार्ग-संतुलन म्हणतात.

संभाषणाचे मार्ग मुख्यतः दोन प्रकारचे असतात. संघमार्गात अंतराचा विचार नसतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड येथून एकत्र खेळणारे दोघे त्यावर जणू शेजारी बसून बोलतात. सान्निध्यमार्गात मात्र खेळातील काल्पनिक अंतर मोजले जाते. मोकळ्या जागेचा नियम लावल्यास हे अंतर दुप्पट होताच पातळी सु. ६ डेसिबेलने घटते. त्यामुळे दोन्ही मार्गांस एकच नियंत्रक असल्यास दूरचा इशारा ऐकण्यासाठी आवाज वाढवावा लागतो आणि संघातील बोलणे कर्कश होते. म्हणून प्रत्येक मार्गास वेगळा नियंत्रक ठेवतात. तसेच कोणी बोलू लागताच संगीत आपोआप मंद करण्याची योजनाही असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांस ८० डेसिबेल पातळीचा ध्वनी आठवड्यातून ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो; पुढील प्रत्येक ३ डेसिबेल वाढीस हा अवधी निम्मा होतो. यास्तव संभाषण अस्पष्ट वाटल्यास ते वाढविण्यापूर्वी इतर ध्वनी उतरविणे श्रेयस्कर ठरते.