पाणंदीचा हक्क आणि ग्रामपंचायतीचे दप्तर

महाराष्ट्रातील खेड्यात रस्त्याची तक्रार एकच असली, तरी तिचे उत्तर देण्याची जबाबदारी अनेक कार्यालयांत विभागलेली आहे. 1943 च्या नागपूर आराखड्याने देशातील रस्त्यांची जी प्रतवारी घालून दिली, तिला अनुसरून आज राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग 1961 च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदांकडे आहेत. गावठाणातील, म्हणजे वस्तीच्या हद्दीतील गल्ल्या आणि चौक ग्रामपंचायतीच्या ताब्यात असतात. गावठाणाची वेस ओलांडून शिवाराकडे जाणारी वाट, जिला पाणंद किंवा शिवरस्ता म्हणतात, ती मात्र महसूल आणि ग्रामविकास या दोन खात्यांच्या मधोमध पडलेली आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असलेला हा रस्ता प्रशासनाच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित राहिला, याचे मूळ या विभागणीत आहे.

या रस्त्यांचा इतिहास जमीनमोजणीच्या इतिहासाशी जोडलेला आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1830 च्या दशकात इंदापूर तालुक्यातून ज्या पद्धतीच्या मोजणीला आरंभ केला, तिच्यातून पुढे मुंबई इलाख्यातील गावांचे नकाशे तयार झाले आणि त्या नकाशांवर वाटांचीही नोंद झाली. एका गावाहून दुसऱ्या गावास जाणारे रस्ते दोन भरीव रेषांनी दाखवले गेले आणि त्यांखालील जमीन कोणत्याही भूमापन क्रमांकात धरली गेली नाही. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषांनी दाखवले गेले. ते ज्या भूमापन क्रमांकातून जातात, त्यातच त्यांचे क्षेत्र 'पोटखराब' म्हणून, म्हणजे लागवडीस अयोग्य व आकारणीतून वगळलेली जमीन म्हणून, नोंदवले गेले. एकेरी तुटक रेषा पायवाटेची. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट मानली जाते. मोजणीची साखळी 33 फुटांची होती आणि साडेसोळा हा तिचा अर्धा, तर सव्वाआठ हा चौथा हिस्सा आहे, हे ध्यानात घेतले की त्या आकड्यांचा उगम कळतो.

दुहेरी तुटक रेषेच्या या मार्गांचे दुर्दैव असे, की ते सातबाऱ्यावर खातेदाराच्या क्षेत्रातच मोडतात. कागदावर जमीन त्याच्या नावे, वहिवाट मात्र सगळ्यांची, अशा स्थितीत दर वर्षी नांगराचे एक तास वाटेकडे सरकते, पावसाळ्यापूर्वी बांध कोरला जातो, कडेला बाभळी आणि घाणेरी वाढते आणि पिढीभरात बैलगाडीची वाट पायवाट होऊन बसते. पूर्वी ही आक्रसलेली वाट कशीबशी निभावत असे. आता उसाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर, गहू-सोयाबीन काढणारे हार्वेस्टर, द्राक्षे आणि टोमॅटो नेणारा टेम्पो यांना बांधापर्यंत पोहोचावे लागते. काळ्या मातीची पाणंद जुलैत गुडघाभर चिखलाची होते, तेव्हा काढलेला माल डोक्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणावा लागतो आणि त्या मजुरीचा भार उत्पादकाच्या पदरात पडणाऱ्या भावातून वजा होतो. रस्त्याअभावी नाशवंत पीक घेण्याचे धाडसच न करणारे शेतकरी कोणत्याही नोंदवहीत दिसत नाहीत, परंतु नुकसान त्यांचेही होते.

कायद्याने या प्रश्नावर दोन उपाय दिले आहेत आणि त्यांची गल्लत केल्यामुळे अनेक अर्ज वाया जातात. वहिवाटीचा रस्ता पूर्वीपासून होता आणि कोणी नांगरून, चर खणून किंवा काटे टाकून तो अडवला, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमातील कलम 5 नुसार तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. शेताला रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 143 लागू होते. त्यानुसार तहसीलदार स्थळपाहणी करून शेजारच्या भूमापन क्रमांकांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, वाट देऊ शकतो. या निर्णयाविरुद्ध एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. अडवलेल्या वाटेसाठी कलम 143 खाली अर्ज केला जातो, सुनावणीच्या तारखा पडतात आणि तोवर सहा महिन्यांची मुदत उलटून गेलेली असते. गावातील 'सामोपचाराने बघू' या सल्ल्यातही ही मुदत हातची जाते. सामोपचार जरूर व्हावा, परंतु दावा दाखल करून मग व्हावा.

आता ग्रामपंचायतीकडे वळावे लागते. 1992 च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत रस्ते, मोऱ्या आणि पूल यांचा तेराव्या क्रमांकावर उल्लेख आहे आणि 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानेही गावातील रस्त्यांचे बांधकाम व देखभाल हे पंचायतीचे कर्तव्य ठरवले आहे. पैसा मात्र अटी घेऊन येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील 60 टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी 'बंधित' ठेवण्यात आला, म्हणजे तो अन्यत्र वळवता येत नाही, आणि उरलेल्या अबंधित 40 टक्क्यांत रस्ते, दिवे, शाळा, अंगणवाडी अशी अनेक कामे बसवावी लागली. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात मजुरी आणि साहित्य यांचे 60:40 हे प्रमाण असल्याने मातीकाम झाले तरी खडी-मुरुमाचा खर्च त्यात पुरेसा बसत नसे. म्हणून राज्य शासनाने नोव्हेंबर 2021 मध्ये 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' आणली आणि हमीच्या निधीला राज्याच्या निधीची जोड देण्याचा मार्ग काढला.

निधीची टंचाई खरी असली, तरी निवडीचा दोष त्याहून मोठा आहे. गावठाणातील तीच गल्ली काही वर्षांच्या अंतराने पुन्हा काँक्रीट होते, कारण ते काम लवकर उरकते, उद्घाटनाला सोयीचे असते आणि त्यात कोणाच्याही अतिक्रमणाला हात लावावा लागत नाही. जुना थर न उकरता त्यावरच नवा ओतला जातो, त्यामुळे रस्ता उंबऱ्यापेक्षा वर चढतो आणि गटाराची पातळी न बदलल्याने पावसाचे पाणी जुन्या घरांत शिरते. याउलट पाणंद मोकळी करायची म्हणजे मोजणी आली, खुणा आल्या, दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांचा रोष आला. आणि ज्यांच्या मतांवर सदस्य निवडून येतात, तेच अनेकदा त्या बांधाचे मालक असतात. सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणारी व्यक्ती पंचायत सदस्यत्वास अपात्र ठरते, अशी तरतूद अधिनियमाच्या कलम 14 मध्ये आहे आणि कुटुंबाच्या अतिक्रमणाचा लाभ घेणाऱ्या सदस्यालाही ती लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले. ही तरतूद बहुधा निवडणुकीतील हिशेब चुकते करण्यासाठी वापरली जाते. तिचा उपयोग रस्ते मोकळे करण्यासाठी व्हावयास हवा.

ही निवड बदलण्याचे ठिकाण ग्रामसभा हेच आहे. तिच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, त्यामुळे वर्षभराचा आराखडा मूठभरांच्या सह्यांनी मंजूर होऊ शकतो. मे 2025 मध्ये महसूल विभागाने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंदीचे असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी, असे निर्देश दिले. हा निर्णय योग्यच आहे, परंतु त्याचा लाभ गावाने मागितल्याशिवाय मिळणारा नाही.

ग्रामपंचायतीच्या दप्तरात 'नमुना 23' ही ताब्यातील रस्त्यांची नोंदवही असते. वाचकांनी येत्या ग्रामसभेत ती वाचून दाखवण्याची मागणी करावी, गावनकाशाची प्रत शेजारी ठेवून कोणती पाणंद तीत आहे आणि कोणती नाही हे सर्वांसमक्ष ताडून पाहावे, आणि सुटलेल्या प्रत्येक वाटेच्या मोजणीचा ठराव त्याच सभेत, इतिवृत्तात लिहून घेऊनच, घरी परतावे.