नळी धरायची कुठून?

लालबाग-परळच्या जुन्या माणसांना ‘सूत’ दोन अर्थांनी ठाऊक असतं. गिरणीच्या कातण खात्यात सूत म्हणजे धागा. फिटर-टर्नरच्या तोंडी सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. रायफलच्या नळीवर काम करणाऱ्याला मात्र ही दोन्ही सुतं जाडच वाटतील. त्याचा व्यवहार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी. त्यातही त्याचा बराचसा वेळ लोखंड कापण्यात जात नाही, नळी लेथवर नीट धरण्यात जातो.

एवढी काटेकोरी कशासाठी, ते वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर कळतं. दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकलेल्या नेमबाज अंजली भागवत इथेच घडल्या आणि 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे, मध्य रेल्वेचा कर्मचारी, 2024मध्ये पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला, ते 50 मीटर रायफल प्रकारात. त्या अंतरावर दहा गुणांचं वर्तुळ असतं 10.4 मिलिमीटरचं. जेमतेम हरभऱ्याएवढं.

नळी धरणंच अवघड का, हे कळायला आता परळच्या रेल्वे वर्कशॉपचा विचार करा. डब्याचा आस लेथवर चढवायचा तर त्याच्या दोन्ही टोकांना मुद्दाम सेंटर, म्हणजे टेकवायचे खळगे, पाडलेले असतात. एका बाजूने हेडस्टॉक, दुसऱ्या बाजूने टेलस्टॉक, मधे जॉब. आस भरीव, त्यामुळे तो बाहेरून गोल फिरला की काम झालं. रायफलची नळी पोकळ, आणि गोळीला बाहेरच्या गोलाईशी काही देणंघेणं नाही. तिला फक्त भोक कळतं.

आणि भोक सरळ नसतं! साठ-सत्तर सेंटिमीटर लांब पोलादात 5.6 मिलिमीटरचं भोक पाडताना ड्रिल थोडं तरी भरकटतंच. टोकांना मध्यावर असलेलं भोक पोटात किंचित बाजूला सरकलेलं असू शकतं. अशी नळी तीन जॉच्या चकमध्ये, म्हणजे एकदम सरकणाऱ्या तीन जबड्यांच्या पकडीत आवळली, तर बाहेरचा पृष्ठभाग सुरेख फिरतो आणि भोक आतल्या आत हेलकावे खातं. त्या स्थितीत काडतूस बसण्याची जागा कोरली, तर गोळी पेचदार खाचांत शिरतानाच तिरकी होते. नळी थोडी कलती बसली तर साइट फिरवून जमवून घेता येतं. तिरक्या शिरलेल्या गोळीवर तो इलाज चालत नाही.

म्हणून चार जॉचा चक. त्याचा प्रत्येक जॉ वेगळा सरकतो. नळी हेडस्टॉकच्या पोकळ स्पिंडलमधून आरपार घालतात. मागच्या टोकाला चार स्क्रूंचं कडं असतं, त्याला कारागीर ‘स्पायडर’ म्हणतात. बारीक फरक दाखवणाऱ्या डायलचा काटा थेट भोकाच्या आत टेकवायचा, चक हाताने फिरवायचा, एक जॉ सैल करून समोरचा कसायचा. पुढचं टोक जुळलं की मागचं बिघडतं; मागचं जुळवावं तर पुढचं रुसतं. यासाठी जॉ आणि नळी यांच्यामध्ये तांब्याच्या तारेचा वेढा ठेवतात. रुंद पकडीत नळी जखडून राहते. बारीक तारेवर ती थोडी कलू शकते, मग दोन्ही टोकांची भांडणं मिटतात.

नळीला मागून असा आधार देता येत नसेल तर हा मार्ग बंद. लेथच्या मागून लांब नळी आधाराविना बाहेर राहिली तर वेगात चाबकासारखी वाकते, आणि जवळ उभ्या माणसाची खैर नसते. तेव्हा नळी दोन सेंटरमध्ये धरतात आणि ज्या टोकावर काम करायचं त्या टोकाला स्टेडीचा टेकू देतात. बेत जुनाच, गिरणीतल्या लांब रुळांसाठीही तोच.

ही कारागिरी हौसेने घरच्या लेथवर करून पाहण्यातली मात्र नाही. 1959च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची नुसती दुरुस्ती करायलाही परवाना लागतो.

परवानाधारक कारागिराची खरी परीक्षा शेवटच्या आवळण्यात असते. सैल धरलं तर कापताना नळी निसटते. जास्त कसलं तर जॉच्या चार बोटांखाली भोकच दबतं, मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत. पण स्पर्धेच्या नळीत भोकाचं माप असं मधेच बदललेलं चालत नाही, आणि शिशाची मऊ गोळी तेवढा फरकही ओळखते. म्हणून जुना टर्नर चकची चावी दोन बोटांत धरतो, मुठीत नाही.