परदेशातील घर आणि शेजारचे गाव

पालघर तालुक्यातील घिवली हे समुद्रकाठचे गाव तारापूर अणुवीज केंद्राच्या शेजारी वसलेले आहे. मासेमारीवर जगणाऱ्या या किनाऱ्याचा परदेशाशी आलेला संबंध मात्र नवा नाही. जवळचा तारापूरचा किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात अणुऊर्जेविषयी करार झाला आणि पुढे अमेरिकी कंपन्यांचे अभियंते व तंत्रज्ञ केंद्राच्या उभारणीसाठी याच किनाऱ्यावर आले. १९६९ मध्ये केंद्रातून वीजपुरवठा सुरू झाला. केंद्राची तपासणी करण्यासाठी व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षकही येथे येऊ लागले.

परक्या मुलखात येऊन राहणारा माणूस आणि त्याला सामावून घेणारे गाव यांचे नाते कसे असावे, हा प्रश्न अशा ठिकाणी साहजिकच उभा राहतो. ज्यांना हा प्रश्न आयुष्यभर सोबत करतो अशी कुटुंबे म्हणजे परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांची कुटुंबे होत. त्यांच्या जीवनक्रमाकडे पाहिले असता आपल्या गावांनाही उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

अधिकार आणि मर्यादा

राजनैतिक प्रतिनिधींना मिळणाऱ्या सवलती १९६१ च्या व्हिएन्ना करारान्वये ठरलेल्या आहेत. भारताने १९६५ मध्ये हा करार स्वीकारला आणि १९७२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. प्रतिनिधीला अटक करता येत नाही, त्याच्या निवासात परवानगीवाचून शिरता येत नाही, बहुतेक करांपासून त्याला सूट असते. त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयांनाही बव्हंशी हेच संरक्षण लाभते.

या सवलतींबरोबर बंधनेही आहेत. यजमान देशाचे कायदे पाळणे आणि त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे हे प्रतिनिधीचे कर्तव्य मानलेले आहे. स्वतःच्या फायद्यासाठी त्याला तेथे धंदा करता येत नाही. त्या देशातील परिस्थिती कायदेशीर मार्गाने जाणून घेऊन आपल्या सरकारला कळविणे हेही करारात त्याचे एक काम म्हणून नमूद केले आहे. म्हणजे बाजारात हिंडणे, खेडी पाहणे, लोकांशी बोलणे ही केवळ हौस राहत नाही. तो कर्तव्याचाच भाग ठरतो.

घरातील दैनंदिन व्यवहार

बदली साधारणतः काही वर्षांनी होते. घर लावून होते न होते तोच सामान बांधण्याची वेळ येते. मुलांच्या शाळा, अभ्यासक्रम आणि सोबती पुनःपुन्हा बदलतात. पतीची वा पत्नीची नोकरी हा आणखी एक बिकट प्रश्न असतो. जोडीदार डॉक्टर किंवा शिक्षक असला तरी परक्या देशात काम करण्यासाठी यजमान सरकारची संमती लागते. डाळ-तांदूळ कोठे मिळेल, दवाखाना कोणता, शेजाऱ्याला नमस्कार कसा करावा, अशा लहान गोष्टींपासून प्रत्येक वेळी नव्याने आरंभ करावा लागतो.

अशा वेळी कुटुंबापुढे दोन मार्ग असतात. आपल्याच देशबांधवांच्या वर्तुळात राहून दिवस काढणे हा एक. स्थानिक भाषेतील चार शब्द शिकून गावाची ओळख करून घेणे हा दुसरा. पहिला मार्ग सोपा आहे, परंतु त्या मार्गाने जाणाऱ्याला देश कळत नाही.

औंधहून नैरोबीस

या दुसऱ्या मार्गाचे मराठी उदाहरण म्हणजे अप्पासाहेब पंत. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे हे पुत्र. १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने औंध संस्थानात ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना लागू झाली. त्या प्रयोगात अप्पासाहेबांचा निकटचा सहभाग होता. गावकऱ्यांत बसून त्यांचे म्हणणे ऐकण्याची सवय त्यांना परराष्ट्र सेवेत शिरण्यापूर्वीच लागली होती, असे म्हणता येईल.

१९४८ मध्ये ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतील भारताचे आयुक्त म्हणून त्यांची नेमणूक नैरोबी येथे झाली. तेथील समाज युरोपीय, आशियाई आणि आफ्रिकी अशा तीन थरांत विभागलेला होता. उंच पठारावरील उत्तम जमीन गोऱ्यांसाठी राखीव होती. रेल्वे बांधण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातून मजूर नेण्यात आले होते आणि व्यापारानिमित्त गेलेली भारतीय कुटुंबेही तेथे स्थायिक झाली होती. स्वाहिली भाषेत 'चपाती', 'गारी' हे शब्द रुळले, ते या सहवासाची साक्ष देतात. तरीही सहवास म्हणजे सलोखा नव्हे. दुकानाच्या फळीपलीकडे भारतीय आणि आफ्रिकी यांचा परस्परांशी संबंध बेताचाच होता.

अप्पासाहेबांनी जोमो केन्याटा यांच्यासारख्या आफ्रिकी पुढाऱ्यांशी स्नेह जोडला. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या देण्याच्या धोरणाला त्यांनी बळ दिले. तेथील भारतीयांनी आफ्रिकी जनतेच्या आकांक्षांशी समरस व्हावे, अशी पंडित नेहरूंची भूमिका होती आणि अप्पासाहेबांचे वर्तन तिला धरूनच होते.

याची किंमतही त्यांना मोजावी लागली. ऑक्टोबर १९५२ मध्ये केनियात आणीबाणी पुकारण्यात आली आणि केन्याटांना अटक झाली. आयुक्तांचे हे संबंध वसाहत सरकारला ढवळाढवळ वाटू लागले. ब्रिटिशांच्या नाराजीमुळे १९५४ मध्ये अप्पासाहेबांना नैरोबी सोडावे लागले. लोकांना जाणून घेणे कोठे संपते आणि हस्तक्षेप कोठे सुरू होतो, ही रेषा किती नाजूक असते हे यावरून ध्यानात येते. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला आणि केन्याटाच त्याचे पहिले पंतप्रधान होते. ज्यांच्याशी मैत्री केल्याचा ठपका आला, तेच राज्यकर्ते झाले.

पुढील पिढी

अप्पासाहेबांच्या पत्नी डॉ. नलिनी या शल्यचिकित्सक होत्या. नैरोबीनंतर गंगटोक, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन, इटली असा या घराचा प्रवास झाला. त्यांची कन्या अदिती पंत सागरशास्त्रज्ञ झाल्या. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांनी संशोधन केले आणि १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह भाग घेतला. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या महिला या दोघी होत.

घिवलीच्या संदर्भात

तारापूर-बोईसर परिसरात अणुऊर्जा वसाहत आणि औद्योगिक वसाहत यांमुळे देशाच्या नाना प्रांतांतील कुटुंबे राहावयास आली आहेत. त्यांच्यापाशी राजनैतिक सवलती नाहीत, परंतु नवखेपणा तोच आहे. वसाहतीच्या कुंपणाआत राहून बदलीची वाट पाहणे त्यांनाही शक्य असते. कुंपणाबाहेर मात्र बोंबील वाळत घातलेले किनारे आहेत, डहाणूच्या चिकूच्या वाड्या आहेत, तारप्याच्या सुरावर फेर धरणारे वारली पाडे आहेत. याच भागातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रे परदेशांत पोहोचली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जगाने जे दुरून येऊन पाहिले, ते शेजाऱ्याने न पाहावे हे योग्य नव्हे.

दुसरी बाजूही विसरता येणार नाही. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण येथील ग्रामस्थांना आपली गावे सोडावी लागली. राजदूताचे कुटुंब घर बदलते तेव्हा दोन सरकारे त्याच्या पाठीशी असतात आणि परतण्यासाठी मूळ गाव शिल्लक असतो. विस्थापिताला यांपैकी दुसरी गोष्ट उरत नाही. नव्या जागी शाळा, पाणी, होडी लावण्याची जागा आणि शेजारधर्म या साऱ्यांचा आरंभ त्याला शून्यापासून करावा लागतो. त्यामुळे स्वागताचा पहिला हक्क त्याचा आहे.

या कामी शाळा व ग्रामपंचायत यांना बरेच करता येईल. नव्याने आलेल्या मुलांना गावातील मुलांसमवेत किल्ला, बंदर आणि पाडे दाखविणाऱ्या सहली शिक्षकांना काढता येतील. शासकीय कार्यालये, दवाखाना, बाजाराचे दिवस आणि सणवार यांची माहिती देणारे साधे पत्रक पंचायतीला काढता येईल. बदलून आलेल्या अधिकाऱ्याने पहिल्या महिन्यातच एखाद्या ग्रामसभेस श्रोता म्हणून बसावे. नैरोबीतील आयुक्ताला जे आवश्यक वाटले, ते बोईसरला आलेल्या अधिकाऱ्यालाही आवश्यकच आहे.