भाऊगर्दी: पानिपतची, हडपसरची नव्हे

निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रांत ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ असा मथळा हमखास येतो. भाऊ म्हणजे गल्लोगल्लीचे पुढारी आणि गर्दी म्हणजे जमाव, असाच अर्थ वाचणाऱ्याच्या मनात उभा राहतो. पण हा शब्द घडला तेव्हा त्यात जमाव नव्हता, विध्वंस होता. जुन्या मराठीत ‘गर्दीस मिळवणे’ म्हणजे धुळीस मिळवणे. दिल्लीकडे नादिरशहाच्या नावाने ‘नादिरगर्दी’ आणि १७५३ मधल्या जाटांच्या लुटीवरून ‘जाटगर्दी’ हे शब्द रुळले. भाऊगर्दी त्याच साच्यातली. तिच्यातला भाऊ म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर लढलेला मराठ्यांचा सेनापती सदाशिवराव भाऊ. पेशवेपुत्र विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसून ऐन लढाईत शिरले, मोकळा हौदा पाहून फौजेचा धीर सुटला आणि कोण कुठे आहे हे कुणालाच कळेनासे झाले, असे परंपरा सांगते.

यावर कोणी म्हणेल, नादिरशहाने कत्तल केली होती, भाऊंचा तर पराभव झाला. मग गर्दीला त्यांचे नाव कसे? आक्षेप रास्त आहे. पण अशा शब्दात नाव नेहमी संहार करणाऱ्याचेच असावे लागते असे नाही. ज्याच्या नावाने तो अनर्थ लोकांच्या लक्षात राहिला, त्याचेही ते असू शकते. पुढे गर्दीचा ‘जमाव’ हा अर्थ वरचढ ठरला आणि समासही त्याच्यामागे गेला.

अनर्थ मोठा म्हणून शब्द टिकला, हे स्पष्टीकरण मात्र पुण्याजवळच्या हडपसरपाशी अडते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी इथे दुसरा बाजीराव आणि दौलतराव शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. शिंद्यांचे सेनापतीही सदाशिवभाऊच होते, सदाशिवभाऊ भास्कर. बाजीराव पुणे सोडून पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांच्या आश्रयाला गेले. पानिपतानंतर माधवराव पेशव्यांनी राज्य सावरले. वसईनंतर ते पुन्हा स्वतंत्रपणे उभे राहिले नाही. राजकीय परिणामाच्या मापाने हडपसर पानिपताहून लहान नाही. तरी ‘पानिपत होणे’ घराघरात बोलले जाते आणि हडपसरच्या नावाने एकही वाक्प्रचार रूढ नाही.

माझ्या मते याचे कारण शोकाच्या वाटणीत आहे. पानिपतावर सरदारांबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले होती. शत्रू परका होता आणि दुःख साऱ्यांचे एकच होते. हडपसरला दोन्हीकडे मराठी फौजा होत्या. एकाचा पराभव तो दुसऱ्याचा विजय. ज्या घटनेवर सगळे मिळून रडू शकत नाहीत, तिला भाषा सहसा नाव देत नाही. म्हणून वाक्प्रचारांवरून इतिहासाचे मोल ठरवू नये. पानिपताची आठवण बोलीच सांभाळते. हडपसरची मात्र आपण जाणून शिकवली पाहिजे, कारण आपसातल्या वैराची किंमत तिथे अधिक स्पष्ट दिसते.