कुबट वासाच्या शब्दाची कुळकथा

इंग्रजीत 'फस्ट' असा एक आडवळणाचा शब्द आहे. 'पहिला' या अर्थाच्या 'फर्स्ट'शी त्याचे काही नाते नाही. दीर्घकाळ बंद राहिलेल्या वस्तूला येणारा कुबट दर्प, असा त्याचा अर्थ. हे नाम आता कोशापुरते उरले असले, तरी त्याचे 'फस्टी' हे विशेषण अजून प्रचारात आहे. गंमत अशी की, या शब्दाच्या मुळाशी ना बुरशी आहे, ना वास. तेथे आहे चक्क एक दंडुका!

लॅटिनमध्ये 'फुस्तिस' म्हणजे सोटा. रोमन सैन्यात पहाऱ्यावर झोपी जाणाऱ्या शिपायाला त्याचेच सहकारी सोट्यांनी झोडपून काढत. त्या शिक्षेचे 'फुस्तुआरियुम' हे नाव याच शब्दावरून पडले. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द 'फुस्त' झाला आणि त्याचा अर्थ विस्तारला: काठी, लाकूड, झाडाचा बुंधा आणि अखेर लाकडी फळ्यांचे पिंप. पुढे फ्रेंचमध्ये त्यातील 'स' लोपला. स्वरावरील टोपीसारखे चिन्ह तेवढे त्याची आठवण म्हणून राहिले. ओकच्या पिंपात मुरवलेल्या वाइनच्या बाटलीवर हा शब्द आजही छापलेला आढळतो.

पिंपातील मद्याला कधी कधी लाकडाचा वास लागे. अशा मद्याला फ्रेंच लोक 'फुस्ते', म्हणजे 'पिंपाची चव लागलेले' म्हणत. तोच शब्द मध्ययुगाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आला आणि मद्यावरून धान्य, कपडे, बंद खोल्या यांनाही लागू झाला. ऑलिव्ह तेलाचे परीक्षक आजही ढिगात पडून आंबलेल्या फळांच्या तेलातील दोषाला 'फस्टी' म्हणतात.

शेक्सपिअरने मात्र या शब्दाला थेट मनात नेले. पित्याच्या खुनाचा सूड लांबणीवर टाकणारा हॅम्लेट चौथ्या अंकात स्वतःलाच दोष देतो. ईश्वराने दिलेली विवेकबुद्धी न वापरता कुजत ठेवण्यासाठी नाही, असे तो म्हणतो आणि तेथे 'फस्ट' हेच क्रियापद योजतो. हे स्वगत 1604-05 च्या आवृत्तीत आहे. 1623 च्या संग्रहात ते गाळले गेले.

आपल्याकडेही बुरशी भाकरीपुरती थांबत नाही. 'बुरसटलेले विचार' हा शब्दप्रयोग मराठी माणूस सर्रास करतो. दोन्ही भाषांनी एकच अनुभव टिपला आहे: जे वापरले जात नाही, त्याला वास येऊ लागतो. बुद्धीही त्याला अपवाद नाही.