कदम आले, शिंदे कुठे गेले?

जन्मभर तर्कशास्त्र शिकवून आम्ही सत्तरीनंतर पायथन शिकायला बसलो. आज त्यातल्याच एका फजितीपासून सुरुवात करू.

परंड्यातल्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. निमंत्रणाची यादी कुणीकुणी टाइप केलेली. आडनावाच्या रकान्यात कुठे फोन नंबर, कुठे नुसते टिंब. ती साफ करायला आम्ही छोटा प्रोग्राम लिहिला. निमंत्रणं गेली आणि चार दिवसांनी एका विद्यार्थ्याचा फोन आला, “सर, आम्हाला विसरलात का?” पाहतो तर कदम आणि भगत यादीत जागच्या जागी. शिंदे, पवार, मोरे मात्र सगळे गळालेले! आणि प्रोग्रामनं एकही चूक दाखवली नव्हती.

हे कसं झालं? मजकुरात शब्द शोधायला आपण नमुना देतो, त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. ही कल्पना गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांची, १९५०च्या दशकातली. केन थॉम्पसन यांनी १९६८ साली तिच्यावर चालणारी शोधपद्धत प्रसिद्ध केली. आज बहुतेक भाषांत त्यासाठी तयार लायब्ररी मिळते. पायथनमध्ये तिचं नाव ‘आरई’. तिच्यात ‘सर्च’ मजकुरात कुठेही शोधतं, ‘मॅच’ सुरुवातीपासून जुळवतं आणि ‘फुलमॅच’ला अख्खा मजकूर जुळावा लागतो. आम्ही फुलमॅच वापरलं आणि नमुना दिला ‘बॅकस्लॅश डब्ल्यू, अधिक’. म्हणजे शब्दात चालणारी एक किंवा अनेक अक्षरं.

आता गंमत पाहा. ‘आरई’च्या हिशेबी क, द, म ही अक्षरं, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं नव्हेत, ती नुसती चिन्हं. म्हणून ‘कदम’ पास आणि ‘शिंदे’ नापास. ‘परंडा’ हा शब्द फोडायला दिला, तर हाती ‘पर’ आणि ‘ड’ एवढंच येतं.

आमच्या न्यायशास्त्रात याला जुनं नाव आहे. गाईचं लक्षण ‘तांबूस रंग’ असं केलं, तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेली’ म्हटलं, तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ती. नमुना म्हणजे लक्षणच. आमच्या लक्षणात अव्याप्ती होती, आणि ती लायब्ररीच्या पोटात दडलेल्या ‘अक्षर’ या व्याख्येतून आली होती.

मग आम्ही युनिकोडमधला देवनागरीचा अख्खा पट्टा दिला. शिंदे परत आले, पण ‘९८५०’ हेही आडनाव म्हणून पास झालं! देवनागरी अंक आणि दंडही त्याच पट्ट्यात राहतात. झाली अतिव्याप्ती.

शेवटी पायथनसाठीच वेगळी मिळणारी ‘रेजेक्स’ नावाची लायब्ररी घेतली. तिथे युनिकोडचे वर्ग नावानं मागता येतात. आम्ही ‘अक्षर किंवा जोडचिन्ह’ एवढंच मागितलं. काना-मात्रा आत आल्या, अंक बाहेर राहिले. तरी एक ‘कुऱ्हाडे’ अडकलेच. त्यांच्या नावात टाइप करताना न दिसणारं जोडणीचिन्ह शिरलं होतं. तेही नमुन्यात घालावं लागलं.

यातून घ्यायचं काय? नमुना लिहिला की लगेच यादीवर सोडू नका. आधी दोन छोट्या याद्या करा. जे आत यायलाच हवेत ते एकीत: कदम, शिंदे, म्हस्के, कुऱ्हाडे. जे येता कामा नयेत ते दुसरीत: अंक, दंड, रिकामी जागा. दोन्हींवर नमुना चालवून बघा. आणि गाळलेली नावं फेकून न देता वेगळी ठेवून एकदा डोळ्यांखालून घाला. आम्ही तेवढं केलं असतं तर तो फोन आला नसता.

मेळावा, म्हणून फोनवर भागलं. तीच यादी रेशनची किंवा पीकविम्याची असती तर? यंत्र तक्रार करत नाही. गळालेल्या माणसालाच करावी लागते.